पहिल्या हाकेला ओ

३ मार्च १९६७, सुलतानपूर
पोहोचलो एकदाचे! मलकापूरच्या फलाटावर माणसांपेक्षा कापसाच्या गाठी जास्त, आणि वागायला त्याच बऱ्या. पुढे एस.टी. इतकी आदळली, की सौ. कोकिळाच्या मते माझा स्वभाव थोडा सैल झाला. गावाबाहेर माळावर मनोरे, रडारची खोली, पलीकडे रस्त्याला लागून आमचं घर आणि बसथांबा. हवा छान आहे. काम एवढंच: सूर्याकडच्या चुंबकीय रेषा पृथ्वीच्या रेषांवर येऊन धडकल्या, की दोन्ही तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात, असं आमचे साहेब म्हणतात. ठरलेली सोयरीक मोडून भलतीकडेच जुळावी तसं. त्याने वरच्या हवेचा थर हलतो का, ते बघायचं. रडारने वर ठोका पाठवायचा, परत येईल तो कर्ण्यातून ऐकायचा. थोडक्यात, चाळिशी उलटल्यावर मला आभाळाला हाका मारायची नोकरी लागली आहे.

५ मार्च
इथला राखणदार निवृत्ती. दुपारी त्याची बायको मनकर्णाबाई भाकर घेऊन बांधावर येते आणि हाक मारते. हा ढिम्म. दुसरी हाक. ढिम्म. तिसरीला, "हाव, आलो!" मी विचारलं, बहिरा आहेस की नुसताच नवरा? तर म्हणाला, भर दुपारच्या पहिल्या हाकेले ओ देऊ नाई साहेब, कोन बलावते काय मालूम? त्याले तीनपर्यंत मोजता येत नाई. मनकर्णाबाईने पुस्ती जोडली, की साहेबाले हासू येऊन राह्यलं, पन बाईसाहेबाले सांगून ठेवा. बाईसाहेबांनी लगेच मान डोलावली. माझं एक ऐकतील तर शपथ.

९ मार्च
आज चुंबकसुई सकाळपासून थरथरत होती. दुपारी रडार बंद केलं, तरी कर्ण्यातून ठोका आला. एकच. जरा वेळाने पुन्हा एकच. निवृत्ती दारातून ओरडला, राहू द्या साहेब, ओ देऊ नका! मला चेष्टा सुचली. रडार लावलं आणि त्याच्याच शिस्तीप्रमाणे तीन ठोके वर धाडले.
बराच वेळ काही नाही. मग वरून तीन आले.
साहेबांना कळवलं पाहिजे. बढती मिळेल, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात खाट.

११ मार्च
मनकर्णाबाई आज डोणगावला गेली होती. तरी दुपारी बांधावरून तिची हाक आली. तीनदा. मी ऐकली, सौ. कोकिळानेही ऐकली. निवृत्तीने ओ दिली.
तेव्हापासून मनोऱ्याखाली बसून आहे. तोंड वर, डोळे उघडे. श्वास चालू आहे. परत आल्यावर मनकर्णाबाईने त्याला हाक मारली, तर त्याचे ओठ हलले नाहीत. "हाव, आलो" कर्ण्यातून आलं.
इथून तुटला. तिकडे जोडला गेला.
तिने मला एवढंच विचारलं, तीन मोजाले त्याले कोनं शिकवलं?


१२ मार्च
रडार बंद. विजेचं इंजिन बंद. कर्णा बंद होत नाही.
हिला इथे ठेवायचं नाही. उद्याच्या एस.टी.ने दोघं निघतो. तोवर हाक मारायची नाही, ओ द्यायची नाही. काम असलं तर जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायचा. हिला तसं बजावलं.
बजावलं ते मात्र याच खोलीत. कर्ण्यासमोर. मी शहाणा—

१३ मार्च
मनकर्णाबाई पाया पडली, म्हणून रडारच्या खोलीत आलो. निघण्याआधी निवृत्तीला परत मागून बघावं. वही बरोबर आहे, हात कशात तरी गुंतलेला बरा.
दुपार. सुई गरगर फिरते आहे.
कर्ण्यातून हिचा आवाज. "अहो." पुन्हा. पुन्हा— तीन झाले. गप्प बसलो. दात आवळून—
मनोऱ्याखाली निवृत्ती नाही. आत्ता तर होता—

खांद्यावर हात. आली ही! सुटलो. ओ दिली—

पण ही खिडकीतून दिसते आहे. थांब्यावर, पेटीवर बसलेली.
खांद्यावरच्या हाताच्या नखांत माती—
एस.टी. आली. ही उठली. आता खरंच हाक मारते आहे, ओठ दिसतात. जा म्हणायचंय, एकटी जा—
तोंड उघडलं. आवाज नाही.
कर्ण्यातून माझ्या आवाजात, अगं थांब, आलोच— आणि ही पेटी खाली ठेवून इकडे