राहीबाईच्या ओवीतल्या दोन मात्रा

मी, मल्हार धुळा पुकळे, वय ५२, लष्करी बँडातून निवृत्त क्लॅरिनेटवादक, मूळ गाव पिंपळखडी, ता. माण, जि. सातारा, हल्ली मुक्काम सांगली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. येत्या सोमवारी मिरजेत माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. सही मात्र माझीच घेतली.

१. सांगलीतला फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक पत्नी अंजना हिला. शिल्लक किती, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी लॅपटॉपपुढं बसलेलो असताना तिनं एकदा विचारलं होतं, "आवं, त्या डबड्यात काय बघताय एवढं? लग्नात माझ्याकडं बी एवढं बघितलं न्हाई." फ्लॅट हेच उत्तर समजावं.

२. लॅपटॉप मुलगी सृष्टी हिला. त्यात स्वरलिपी छापायची संगणकप्रणाली आहे. तिच्यात सूर चितारता येत नाहीत, टाईप करावे लागतात: अक्षर म्हणजे सूर, आकडा म्हणजे लांबी, उभी रेघ म्हणजे आवर्तन संपलं. एक कंस मिटायचा राहिला की पान कोरं. सारेगम देवनागरीत छापून घ्यायला मी तीन महिने झगडलो. आधी अक्षरांच्या जागी चौकोन आले, मग कोमल गंधाराची रेघ खालच्या शब्दांवर चढून बसली. या सगळ्या दुरुस्त्या 'पुकळे' नावाच्या फाईलमध्ये आहेत. ती पुसू नये. या घरात माझं ऐकणारी तेवढी एकच वस्तू आहे.

३. आता जे लिहायला हे मृत्युपत्र काढलं ते.

माझी आत्या राहीबाई हिच्या तेवीस ओव्या मी फोनवर टिपल्या आणि या प्रणालीत उतरवल्या. आठ मात्रांचं आवर्तन धरलं. प्रणालीनं तक्रार केली: ओळ चौदा, आवर्तन बसत नाही, दोन मात्रा जास्त. मग ओळ बावीस. मग एकतीस. ओवीच्या दुसऱ्या चरणानंतर आत्या थांबायची, त्या जागा या. मी सतरा वर्षं बँडात कवायतीच्या पावलावर वाजवलेलं. ज्याचं पाऊल चुकतं त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, एवढंच संगीतशास्त्र मला पक्कं येतं. म्हातारीला दम पुरत नसेल, असं ठरवून मी एकोणीस ओव्यांमधल्या त्या मात्रा काढून टाकल्या. तक्रारी थांबल्या. पान देखणं छापलं गेलं. फोन भरला होता म्हणून मूळ आवाज पुसून टाकला.

माझा चुलतभाऊ नाथाजी गावच्या शाळेत शिक्षक आहे. त्यानं त्या पानांवरून पोरांकडून ओव्या बसवून घेतल्या आणि गॅदरिंगच्या पत्रिकेत 'संगीत: नाथाजी पुकळे' असं छापलं. पोरं एका दमात, एका पावलावर गायली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसवलेली आत्या मला म्हणाली, "मल्ल्या, माज्या म्हाताऱ्याची जागा कुटं गेली रं?"

मला कळलं नाही. तिनं समजावलं, "तितं त्यो 'जी' म्हणायचा. समूर बसून. आता न्हाई त्यो, तर मी थांबती."

तिचा नवरा, ज्योतिबा मामा, जाऊन अकरा वर्षं झाली. गॅदरिंगच्या त्या दिवसापासून आत्या गायलेली नाही.

म्हणून सृष्टीला विनंती. प्रणालीनं पहिल्या फेरीत केलेल्या तक्रारींची यादी मी छापून घेतली होती. चार कागद आहेत, लोखंडी कपाटात. तक्रार मिटली की मी तिच्यापुढं लाल शाईनं बरोबरची खूण करत गेलो. मामाचा पत्ता आता तेवढ्याच कागदांवर शिल्लक आहे. जिथं जिथं लाल खूण, तिथं दोन मात्रा परत घालाव्यात. प्रणाली कुरकुरेल. कुरकुरू द्यावं, तोंड बंद करायची आज्ञा टाईप करू नये. मग ते कागद आत्याकडं न्यावेत. तिला गायला सांगू नये. 'इथं का?' एवढंच विचारावं आणि मान हलवील तसं लिहावं.

४. माझं तालयंत्र नाथाजीला. पाप दोघांचं, पण माझी पाळी येत्या सोमवारी आहे. टिकटिक त्यानं ऐकावी.

५. पिंपळखडीतल्या दोन खोल्या राहीबाईला. हे कलम रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

आज तिला हे सांगायला गावी आलो. ती म्हणाली, "म्हाताऱ्याची जागा काडलीस, आन् मला खोल्या देतूस व्हय?"

"मग काय देऊ, आत्या?"

"देऊ नगंस. कागदात काय लिवलंयस त्ये वाच. खरं आसंल तर आंगठा देती."

मी म्हणालो, वकील सांगतात, ज्याला काही मिळायचं त्यानं साक्षीदार होऊ नये.

"मग बरंच की. मला साक्षीदारच कर."

मी वाचलं. तिसरं कलम तिनं दोनदा वाचायला लावलं. क्षमा केली का, हे विचारायचं धाडस झालं नाही. सृष्टीला पाठवू का, एवढं विचारलं. म्हणाली, "यीऊ दे पोरीला. तू नगं यीऊस संगं."

खोल्या सृष्टीला. वर लिहिलेलं सर्व मी वाचून, वाचून दाखवून, मान्य करून सही करतो.

ठिकाण: पिंपळखडी, ता. माण
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४

(सही) मल्हार धुळा पुकळे

साक्षीदार:
१. (सही) विश्वजित अर्जुना काळेल, शेजारी
२. राहीबाई ज्योतिबा कोकरे, वय अंदाजे ७८, डाव्या हाताचा अंगठा. मजकूर खरा असल्याचे सांगून दिला.