साक्षगंध आणि अंतिम सामना

अमरावती, २३ जानेवारी २००६

चि. सौ. पार्वता हिस भगवंतदादाचे अ. आ., वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि पत्रात मुद्देसूद भांडतेस, म्हणून हा पत्रप्रपंच. चि. पौर्णिमेच्या साक्षगंधासाठी पंचांगमंथन करून रविवार, ५ फेब्रुवारी, दुपारी चारचा निर्दोष मुहूर्त काढला आहे. स्थळ आमचे घर. त्याच वेळी घरामागच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना असून, स्पर्धा समितीचा चिटणीस या नात्याने मला बक्षीस समारंभास उपस्थित राहणे भाग आहे. मामावाचून साक्षगंध व्हावे, इतके आपले कुळ अद्याप अधोगतीस गेलेले नाही; घर आणि मैदान एका हाकेवर असल्याने मी दोन्हीकडे हजर राहीन.

पौर्णिमा तुमच्या अकोल्याच्या संघाची कर्णधार आहे, हे मी विस्मरलेलो नाही. तथापि उपांत्य फेरीत पराभूत होण्याची परंपरा त्या संघाने निष्ठेने जपली असल्याने चिंता नसावी. यंदा कापसाच्या बुडालेल्या पिकाने सर्वांनाच मितव्ययी केले आहे. सबब दर्यापूरहून नियोजित वर चि. गोपाल, त्याच्या मातोश्री आशाबाई आणि एका जीपमध्ये मावतील तेवढेच आप्त येतील.

लोभ आहेच, त्यात कपात नसावी.

भगवंत


अकोला, ३० जानेवारी

ती. दादा यांस पार्वताचा शि. सा. न., वि. वि.

तुमच्या परंपरेचं वाटोळं झालं. पौर्णिमाची टीम काल जिंकली! कालिजात आल्यापासून पहिल्यांदा फायनल आली म्हणून पोरगी नाचतच घरी आली. मी म्हटलं, आता नाव काढून घे. तवापासून धड जेवत नाही, नुसती भिंतीवर चेंडू आपटून राहिली.

काहून असा दिवस धरला तुमी? तुमाले मुहूर्त काढाले सांगितलं होतं का भांडण लावाले? नवरदेव पाटावर अन् नवरी हाफपँट घालून मैदानात, हे दर्यापूरवाल्यांले कोणत्या तोंडानं सांगू? आशाबाई कडक बाई आहे. सोयरीक मोडली त मी तुमच्याच दारात येऊन बसीन.

वहिनीले नमस्कार. रागात लिहिलं, पण माया पातळ करू नका.

पार्वता


अमरावती, २ फेब्रुवारी

चि. सौ. पार्वता हिस अ. आ., वि. वि.

तुझ्या धमकीचे पत्र पावले. पंचांग पुन्हा उघडले असता सायंकाळी सातचा मुहूर्तही तितकाच निर्दोष आढळला. शास्त्र उदार आहे, घाई माझी होती. काल जीपच्या मागच्या बाकावर गुडघे हनुवटीस लावून दर्यापूर गाठले आणि आशाबाईंना सर्व वृत्त निवेदन केले. त्यांनी तूर निवडता निवडता ऐकून घेतले आणि चारलाच येतो, पण मैदानावर येतो, एवढेच सांगितले. या वाक्याचा अन्वय लावण्यात माझा परतीचा प्रवास गेला. तो लागला नाही.

पौर्णिमेने मात्र खेळावे. माझ्या मुहूर्तापायी तिने नाव मागे घेतले, तर त्या चिटणीसाच्या खुर्चीवर मला बसवणार नाही.

ममत्व यथापूर्व असावे.

भगवंत


अकोला, ७ फेब्रुवारी

ती. मामांस पौर्णिमाचा शि. सा. न., वि. वि.

परवा साक्षगंधाच्या वेळी तुम्ही बैठकीत पुरुषमंडळींना बास्केटबॉलचे नियम समजावत होतात, म्हणून आतल्या खोलीतलं तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. एका गुणानं हरलो, तेही माझा शेवटचा फ्री थ्रो रिंगवर फिरून बाहेर पडला म्हणून, नाहीतर बरोबरी होती. पाटावर बसले तरी माझे डोळे कोरडे होईनात. सासू काय म्हणेल, या भीतीनं आई सारखी पदरानं माझे गाल पुसत होती.

चारपासून मैदानात बसून सगळा सामना पाहिलेल्या आशाबाईंनी ओटी भरता भरता विचारलं की कालेजचं अजून एक साल बाकी आहे ना. आईनं घाईघाईनं सांगितलं की आता खेळ बंद, उन्हाळ्यातच लग्न उरकू. तशा त्या आईवरच उखडल्या. म्हणाल्या की हरून जन्मभर कुढत बसणारी सून मले नाही पायजे. पोरीले कप आणू द्या, मंग लग्न. एक साल थांबतो आमी, तवरिक आमचा कापूसही धड होईन. तुमची पोरगी खेळीन का, हे तेवढं सांगा.

नवरीनं मध्ये बोलायचं नसतं म्हणतात. पण आईनं तोंड उघडायच्या आत मीच हो म्हणून टाकलं.

मामींना नमस्कार. भाचीवरची मर्जी राहू द्यावी.

पौर्णिमा