घाटात बंद न पडलेलं इंजिन

मी, तापीबाई नरोत्तम पाटील, वय चौसष्ट, धंदा मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, राहणार लोणखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणी माझा हात धरून लिहवून घेत नसताना ही माझी शेवटची व्यवस्था लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पोटातल्या गाठीने शरीर पोखरलं असलं तरी डोकं शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने दुकानात येऊन कुठल्याही गाडीचा ऑइल फिल्टर मागावा. नंबर मी अजून खोका न बघता सांगते.

कलम १. लोणखेड्याचं राहतं घर आणि रस्त्यावरचं दुकान, आतल्या मालासकट, माझी सून प्रतिभा भावेश पाटील हिला द्यावं. माझा मुलगा भावेश मागच्या वर्षी मे महिन्यात धडगावच्या घाटात अपघातात गेला. तेव्हापासून प्रतिभाने माहेरी जावं म्हणून तिला दोन्हीकडून टोचणी लावण्यात आली. ती गेली नाही. तिने काउंटर सांभाळलं, माझं पथ्यपाणी केलं. हे घर तिचं आहे आणि यात कोणाचा सल्ला मला नको आहे.

दुकानाबद्दल थोडं लिहिते. माझे यजमान ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचे. ते वारले तेव्हा भावेश शाळेत होता. मी गल्ल्यावर बसले तर गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "शेठ कोठे शेत?" शेठ नाहीत म्हटलं की निघून जायचं. मी खोक्यांवरचे नंबर पाठ केले. कुठल्या गाडीचं काय कुठल्या गाडीला बसतं आणि काय बसल्यासारखं दिसून बसत नाही, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. नंतर तेच लोक तुटका भाग हातात धरून समोर उभे राहायला लागले. एवढंच माझं शिक्षण.

कलम २. माझ्या पाटल्या आणि पोत प्रतिभालाच. पितळी घंगाळ माझ्या जाऊबाई रंजनाबाई एका लग्नाला म्हणून घेऊन गेल्या होत्या. त्या लग्नातल्या नवरीची पोरं आता शाळेत जातात. घंगाळ त्यांच्याकडेच राहू द्यावं, मी वर जाताना ते काही नेणार नाही. मात्र तेराव्याला त्यात पाणी तापवून "हे आमचंच" असं त्यांनी कोणाला सांगू नये.

कलम ३. मागच्या पडवीत लाकडी चौकटीवर ताडपत्रीखाली एक इंजिन आहे. ते भावेशच्या प्रवासी गाडीचं. बाराशे अठ्ठेचाळीस सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टर्बो डिझेल, नव्वद घोड्यांचं. हे छोटं इंजिन आपल्या देशात तीन-चार कंपन्यांनी आपापल्या गाड्यांत बसवलं, म्हणून गावोगावचे मिस्त्री त्याला ओळखतात. माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त माल त्याचाच खपला. त्याची दुखणीही मला पाठ आहेत. सकाळी चालू करताना खडखडलं की टायमिंगची साखळी सैल झाली. काळा धूर आणि ओढ कमी असेल तर धूर फिरवणारा व्हॉल्व्ह काजळीने चोंदला. शिट्टी वाजली की टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, पाइप फाटला. तेल वेळेवर बदललं नाही तर खालची जाळी भरते आणि मग सगळंच जातं.

हे इंजिन घाटात अचानक जाम झालं आणि म्हणून भावेशसह चार माणसं मेली, असं माझे दीर हिंमतराव यांनी फिर्यादीत लिहून दिलं. जाम का झालं, तर पहिला टर्बो गेल्यावर मिस्त्री फत्तेसिंगने दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा टर्बो त्याला बसवला होता, म्हणून. फत्तेसिंगवर हयगयीने जीव घेतल्याचा खटला चालू आहे. त्याचं गॅरेज लोकांनी फोडलं. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढची तारीख जानेवारीत आहे आणि जानेवारीत मी असेन असं डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणून इथे लिहिते.

तो टर्बो माझ्या दुकानातून गेला होता. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा होता हे खरं. पण इंजिन तेच, नव्वद घोड्यांचंच, आणि टर्बोवरचा नंबरही तोच. पंचाहत्तर घोड्यांच्या इंजिनाचा टर्बो वेगळा, साधा असतो. तो दिला असता तर फिर्याद खरी ठरली असती. मी तो दिला नाही आणि फत्तेसिंगने तो बसवला नाही. "काकी, नंबर दखीसनच बसाडा व्हता मी," एवढंच तो मला एकदा दारात उभा राहून म्हणाला. आत ये म्हटलं तर आला नाही.

कलम ४. परिवहन खात्याच्या साहेबांनी गाडी तपासून ब्रेकमध्ये दोष नाही असं लिहिलं. ते बरोबर आहे. तपासणी संपल्यावर गाडी न्यायालयाच्या परवानगीने आम्हाला परत मिळाली. मग मी फत्तेसिंगशी काही संबंध नसलेले दोन मिस्त्री शहाद्याहून बोलावले. इंजिन उघडायचं नाही, त्याच्या आतला एक नट ढिला करायचा नाही, असं बजावलं. त्यांनी ते गाडीतून काढून चौकटीवर बांधलं, त्याचं स्वतःचं वायरिंग, कॉम्प्युटर आणि चावी जोडली. माझे वकील भूपेंद्र मोबाइलवर चित्रण करत उभे होते. मी पडवीच्या पायरीवर बसले होते.

पहिल्या चावीला चालू झालं.

रेडिएटर नव्हता म्हणून लगेच बंद करावं लागलं. पण तेवढ्यात कळायचं ते कळलं. साखळी वाजली नाही. टर्बो मोकळा फिरत होता. जाम झालेलं इंजिन असं चालू होत नाही. मिस्त्री खूश झाले, एकाने माझ्याकडे बघून हात जोडले. मी पदर तोंडात कोंबून रडले. ते चालू होऊ नये म्हणून मी सकाळपासून देवाला विनवत होते. ते बंद पडलेलं असतं तर माझा मुलगा निर्दोष ठरला असता.

कलम ५. मग ते घाटात का बंद झालं, हे लिहायला माझा हात वळत नाही, तरी लिहिते.

त्या दिवशी गाडीत मोलगीच्या गजराबाई भावेशच्या मागच्या सीटवर होत्या. आमचूर विकायला शहाद्याला निघाल्या होत्या. त्यांची बहीण शेजारी होती, ती गेली. गजराबाई बाहेर फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. त्या बरेच दिवस बेशुद्ध होत्या, म्हणून त्यांचा जबाब राहून गेला. मी जीपने मोलगीला जाऊन त्यांना भेटले. त्या पावरी बोली बोलतात; त्यांच्या पुतण्याने मला मराठीत सांगितलं. उतार लागला, ड्रायव्हरने चावी फिरवली, गाडी गप झाली. सगळे गप्पा मारत होते. वळणावर त्याने ब्रेक दाबला, मग पुन्हा दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला. मग तो आई म्हणून ओरडला.

इंजिन चालू असेल तोवर त्याच्यावरचा छोटा पंप ब्रेकला जोर पुरवतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन वेळा पाय हलका जातो, नंतर पॅडल दगड होतं. स्टेअरिंगही जड होतं. गाडी न्यूट्रलमध्ये असली तर तिला धरायला काहीच उरत नाही. मी घरी येऊन प्रतिभाला विचारलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, त्या उतारले गाडी बंदच करेत. दरखेपले." हे तिने अपघातानंतर चौथ्याच दिवशी हिंमतरावांना सांगितलं होतं. तेव्हा ते तिच्या अंगावर धावून आले होते. "मरेल मानूसना नावले बट्टा लावस का? फत्तेसिंगना टर्बोनीच घात करा!"

पहिला टर्बो इतक्या लवकर का गेला, हेही मला आता कळलं. चढ चढून आलेला टर्बो तापलेला आणि वेगात फिरत असतो. त्याच क्षणी चावी बंद केली की त्याला तेल मिळत नाही आणि तो जळतो. फत्तेसिंगने भावेशला बजावलं होतं, थोडा वेळ चालू ठेवत जा. मी भावेशला कारण विचारलं तेव्हा त्याने डिझेल खराब होतं असं सांगितलं. तो खोटं बोलला. तो प्रेमळ होता, हसरा होता, म्हातारी माणसं पायी दिसली तर गाडी थांबवायचा, आणि त्याच्या हातून तीन माणसं मेली. दोन्ही खरं आहे. मी त्याची आई आहे, म्हणून हे मीच लिहायला हवं.

कलम ६. हिंमतराव, हे कलम तुमच्यासाठी.

तुम्ही बावीस वर्षं धडगाव-मोलगी रस्त्यावर जीप चालवलीत. त्या जुन्या जीपच्या ब्रेकला इंजिनाची मदत कधी नव्हतीच, सगळी पायाची ताकद. ती बंद करून उतरवली तरी तुमचा पाय तोच आणि ब्रेक तोच. त्या रस्त्यावरचे सगळेच तसं करायचे. भावेशला शेजारी बसवून तुम्ही गाडी शिकवलीत, तेव्हा मी मागे बसले होते. तुमचे शब्द मला आठवतात: "उतार लागना का चावी बंद करी टाक. गाडी फुकट जास." तेव्हा मलाही ते हुशारीचं वाटलं. तुम्ही वाईट हेतूने शिकवलं नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. पण नंतर तुम्ही जे केलंत ते हेतूने केलंत. तुम्हाला चौथ्या दिवशीच कळलं होतं. तरी तुम्ही एका निरपराध माणसाला पुढे ढकललंत आणि दीड वर्ष माझ्या ओट्यावर बसून माझ्याच हातचा चहा प्यायलात. त्याचा मला राग आहे. मरेपर्यंत राहील.

मला मुलगा नाही, म्हणून अग्नी दिराने द्यायचा ही आपली रीत आहे. या कागदावर दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी तुमच्यासाठी ठेवली आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराने फक्त माझी सही बघायची असते, मजकूर वाचायची गरज नसते. मी म्हटलं, या साक्षीदाराने वाचायचा. वाचून सही केलीत तर अग्नी तुम्ही द्यावा. नाही केलीत तर प्रतिभा देईल, आणि तुम्ही स्मशानात मागच्या रांगेत उभं राहावं.

कलम ७. भूपेंद्र वकिलांनी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. इंजिन, चित्रण आणि गजराबाईंचं म्हणणं न्यायालयापुढे न्यावं. मृत्युपत्र म्हणजे साक्ष नव्हे, असं त्यांनी मला समजावलं आहे. असो, माझ्याकडे दुसरा कागद करायला वेळ नाही.

निकालापर्यंत इंजिन विकू नये. नंतर ते फत्तेसिंगला द्यावं. लोक या इंजिनाला अपशकुनी म्हणतात, भंगारात घाला म्हणतात. ते चांगलं इंजिन आहे. याच इंजिनाच्या कुठल्याही नव्वद घोड्यांच्या गाडीला बसेल; फक्त मोटारीप्रमाणे इंजिन धरणारं माउंटिंग बदलावं आणि कॉम्प्युटर व चावी सोबतच न्यावी, नाहीतर चालू होणार नाही. ते ज्याच्या गाडीत बसेल त्याला फत्तेसिंगने उतारावर काय करायचं नाही ते सांगावं.

कलम ८. भावेशचा फोटो दुकानात आहे तिथेच राहू द्यावा. हार रोज बदलण्याची गरज नाही. प्रतिभाने दुसरं लग्न करायचं ठरवलं तर घर आणि दुकान तरीही तिचंच, आणि फोटो ठेवायचा की काढायचा हे तिने ठरवावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि बरोबर आहे याची खात्री करून दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: लोणखेडा. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.

सही: तापीबाई नरोत्तम पाटील

साक्षीदार १: गजराबाई, राहणार मोलगी. डाव्या अंगठ्याची निशाणी. मजकूर पुतण्याने पावरीत समजावून सांगितला.

साक्षीदार २: हिंमतराव पाटील, राहणार लोणखेडा. सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेलं:

"वहिनी, मी वाचं. खोटं काहीच नही. कोर्टमा मन्हा तोंडतीन हाई निंघाव नही, म्हनीसन आठे कागदवरच सही करस."