तांबडा तुंबा

बा, हे मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे. मला अजून अक्षर येत नाही, तेव्हा मध्येच काही गळलं तर दोष तिचा. गेल्या आठवड्यात ती मालवणहून आली. पाठीला हवेची टाकी लावून समुद्राखाली उतरायला शिकली तिथे. आल्या आल्या बॅगेतून एक केशरी लांब पिशवी काढून तिने माझ्या मांडीवर टाकली. "आजी, हा बोया. खाली असताना यात हवा भरायची आणि दोरी सोडायची. हा वर गेला की होडीवाल्यांना कळतं, इथे खाली माणूस आहे." मी साळसूदपणे विचारलं, "दोरी हाताला गुंडाळायची का गं?" तशी ती एकदम बाई झाली शाळेतली. "अजिबात नाही! पहिला धडाच तो." मी इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. तुझा पहिला धडाही तोच होता की. फक्त तो माझ्या पाठीत बसला होता.

तुझा बोया म्हणजे वाळलेला भोपळा. आपण त्याला तुंबा म्हणायचो. होडी रंगवून उरलेला तांबडा रंग त्याला फासलेला. बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढचं वर्ष ते. आपल्या खाडीत होड्यांना नुकती यंत्रं बसायला लागली होती. कुणाचा नांगर तुटून तळाला राहिला की तुला बोलावणं यायचं. भरती नाही, ओहोटी नाही, पाणी जरा उभं राहिलं की तू दगड पोटाशी धरून आणि तुंबा काखेत मारून उतरायचास. त्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग, हातानेच चाचपडत नांगर शोधायचा, दोरीचं टोक त्याला बांधायचं आणि तुंबा सोडायचा. आधी तुंबा वर, मग माणूस. आपल्या होडीतून फडकं हलेपर्यंत कुणी यंत्र चालू करायचं नाही, जवळ यायचं नाही, हा तुझा कायदा. यंत्राच्या पंख्याखाली एक माणूस वर आलेला तू पाहिला होतास, त्यानंतर केलेला. फडकं हलवायला होडीत मी. पोरगी होडीत बसते म्हणून बंदरावर लोक बोलायचे, तेव्हा तू ओरडायचास, "होडी माझी, पोर माझी, तुमचा काय बुडला?" तिथवर तू शूर होतास, हे मी कबूल करते.

मग तुझा कान फुटला. पुन्हा पाण्यात डोकं घातलंस तर ठार बहिरा होशील, असं डॉक्टरने बजावलं. तू घरी येऊन म्हणालास, होडी विकून टाकू. मी म्हणाले, विकतोस कशाला, मी उतरते. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसा काही मी खाडीच विकायला काढली. "बाईमानूस पान्याखाली? तू वर बसायची." झालं. तुझ्या लेखी विषय संपला.

माझ्या लेखी नव्हता संपला. उमेळ्याला ज्या वाडीत आई मासळी द्यायची, तिथे झाडांच्या शिंपणासाठी मोठं बावखल होतं, तळ्यासारखं. धुणं घेऊन मी तिथे जायला लागले. धुणं काठावर, मी तळाला. एके दिवशी धुण्यात लपवून नेलेला तुझा तुंबा तळाशी सोडला आणि त्याने माझा हातच उपटला. दोरी तळहाताला आवळलेली, सुटता सुटेना, मी शेवाळ गिळत उलटीपालटी वर आले, तर काठावर तू. माझा हात बघितलास आणि पाठीत धपाटा. "विहिरीवर आलीस काय पानी भराया?" खरंच की. हाताला दोरीचे दोन वेढे द्यायचे, हे आम्हा पोरींना चालायच्या आधी शिकवलेलं. घागर विहिरीत गेली तर आई घरात घेईल का? तू खाली बसलास, माझ्या हाताचा वेढा सोडवलास आणि म्हणालास, "घागर तू वढतेस. तुंबा तुला वढतो. सोडाया शिक." म्हणजे हो म्हणालास. तोंडाने मात्र कधीच नाही.

मग रोज संध्याकाळी चुलीपुढे शिकवणी. माझे डोळे फडक्याने बांधलेले, समोर नांगर म्हणून पाटा. त्याला दोरीची गाठ मारायची, बाकीची दोरी गुंडाळलेली फिरकी दोन बोटांत सैल धरायची आणि दोरी पळू द्यायची. भाकरी थापता थापता आई म्हणायची, "पोरीला नवरा बघताव का नांगर?" त्यावर तू काढलीस अट. उतरायचं, पण गावाला कळता कामा नये. तुझं लग्न व्हायचंय.

आणि तो दिवस. एका तांडेलाचा, म्हणजे मोठ्या होडीच्या म्होरक्याचा, नांगर खाडीच्या तोंडाशी राहिलेला. त्याची मोठी होडी लांब उभी. लांबून त्यांना दिसायला हवं, की पोरगी नेहमीसारखी होडीत बसली आहे आणि बाप खाली आहे. म्हणून तुझी बंडी आणि चड्डी माझ्या अंगावर, आणि आईचं हिरवं लुगडं तुझ्या. डोक्यावरून पदर घेऊन तू बसला आहेस, पदरातून मिशी बाहेर. मला इतकं हसू येतं की दम साठवता येईना. "हसतेस काय, मर जा," म्हणतोस आणि तूच दगड माझ्या हातात देतोस. मी दुसऱ्या बाजूने पाण्यात सरकते. खाली गार, काळं, गाळ कोपरापर्यंत. नांगराचा दात लागला. गाठ मारली. आणि बघते तर हाताने आपणहून दोरीचा वेढा घेतलेला! तिथे तुझा धपाटा आठवला. छाती फुटायला आलेली, तरी वेढा सोडवला, मग तुंबा सोडला. दोरी बोटांतून सळसळत गेली, थांबली, आणि वरून दोन हिसके आले. तुंबा तुझ्या हातात होता.

वर आले तर तू होडीचा काठ असा धरून बसलेला, की लुगड्याचा पदर पाण्यात लोळतोय तेही तुला कळलेलं नाही. म्हणालास काय, तर "उशीर केलास." मग लुगडं सोडून मला गुंडाळायला दिलंस, लंगोटीवर उभा राहून डबाभर पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलंस आणि फडकं हलवलंस. तांडेल जवळ आला. "दादा, फुटक्या कानाने उतरलास, मर्द आहेस!" आणि मला म्हणतो, "पोरी, बापाला जप गं." तू मान डोलावलीस. बा, तू मान डोलावलीस!

लग्न होईपर्यंत मी उतरत राहिले. जेवढे नांगर वर आले तेवढे तुझ्या नावावर. तू गेलास तेव्हा लोक ओट्यावर बसून तेच बोलत होते आणि मी त्यांना चहा देत होते. आता नाही गप्प बसायची. ते नांगर माझे आहेत. माझ्या लग्नाची काळजी होती म्हणतोस, तर लग्न झाल्यावर तरी सांगायचंस. मी काही हातातून सुटलेली घागर नव्हते.

नात विचारते, "आजी, गावात सांगू सगळ्यांना?" सांग म्हटलं, बंदरावर उभी राहून सांग, त्या तांडेलाच्या नातवंडांना आधी सांग. ती टुणकन उठली, फोन काढला, म्हणाली, हे पत्रच वाचून दाखवते. तेव्हा मी तिचा हात धरला. नांगराचं सांग, म्हटलं, तुंब्याचं सांग. लुगड्याचं नको.

म्हणून हे पत्र घरातच राहील, बा. त्या मिशीला मी अजून कुणाला हसू देत नाही.