धुराची खोली आणि मी

३ मार्च, सोमवार
सुरक्षा प्रशिक्षण सुरू. हे सर्टिफिकेट नसेल तर जहाजावर घेत नाहीत, आणि आमचं जहाज पुढच्या सोमवारी सुटतंय. मी जहाजावरचा स्वयंपाकी. सगळा जन्म शेगडीसमोर गेला, आग मला काय नवीन? वेळापत्रक पाहिलं. गुरुवारी ‘धुराची खोली’. बंद लोखंडी खोली, काळोख, पाठीवर हवेचं सिलिंडर, रांगत जाऊन आतला माणसाएवढा पुतळा बाहेर आणायचा. मागच्या वेळी सर्दीमुळे सुटलो. भीती वगैरे अजिबात नाही. फक्त जेवण गेलं नाही.
संकल्प: दाढी काढायची नाही. वयाला शोभते. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही म्हणे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

४ मार्च
लाइफ जॅकेट घालून तलावात उडी. नाक धरायचं, समोर बघायचं, पाऊल टाकायचं. मी खाली बघितलं. मागच्यांची गैरसोय नको म्हणून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. शेवटी प्रशिक्षक साहेबांनी पाठीला हात लावला. एकूण उडी छान झाली.

५ मार्च
रेडिओ. संकटाचा संदेश द्यायला शिकलो. वॉकीटॉकीचं बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आपण दाबून धरलं तर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. शेंबड्या पोरालाही कळेल, तरी साहेबांनी दोनदा सांगितलं.
नंतर त्यांना गुडघ्याचं सांगितलं. म्हणाले, तपासून घेऊ. चष्म्याचं सांगितलं. म्हणाले, आत कुणालाच काही दिसत नाही. दाढी दाखवली. त्यांनी ड्रॉवरमधून रेझर काढला.

६ मार्च, सकाळ
दाढी गेली. पोट बिघडलंय, इथल्या पाण्याने. माझा जोडीदार इंजिनरूमचा मेकॅनिक. मोजकं बोलतो, बहुतेक घाबरलाय. त्याला धीर दिला, माझ्यासोबत राहा म्हटलं. त्याने मान हलवली आणि माझ्या सिलिंडरचे पट्टे बांधून दिले. माझे हात जरा ओले होते.

६ मार्च, संध्याकाळ
झालं! उगाच बाऊ करतात. मी पूर्ण वेळ शांत. पुतळा सापडला नाही, पण दार लगेच सापडलं. बाहेर पहिला मीच. हातातल्या वॉकीटॉकीवर साहेबांची एकही सूचना आली नाही, म्हणजे काही चुकलं नसणार. बाहेर सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, कुणी बोलेना. आदर, दुसरं काय? बायकोला फोन करून बॅग भरायला सांगितली.

७ मार्च
साहेबांनी बोलावलं. आत शिरल्यापासून मी वॉकीटॉकी अशी आवळली होती की बटण सुटलंच नाही. त्यामुळे माझी शांतता बाहेर सगळ्यांनी ऐकली. ‘आई गं’ किती वेळा ते त्यांनी सांगितलं नाही. ‘मला बाहेर काढा, मला फक्त स्वयंपाक येतो’ हे मात्र शब्दशः सांगितलं.
हसू आलं नाही, कारण पुढचं अजून वाईट होतं. मेकॅनिकचा पट्टा आतल्या शिडीत अडकला होता. तो वॉकीटॉकीवर हाका मारत होता आणि चॅनेलवर माझंच रडगाणं. शेवटी साहेब मागच्या दाराने आत गेले, तेव्हा त्याच्या सिलिंडरची शिट्टी वाजत होती. म्हणजे हवा संपत आलेली. मी तिथेच खुर्चीत बसलो.
मेकॅनिकच्या खोलीवर गेलो. तो म्हणाला, “काका, भीती मलाही वाटत होती. पण तुम्ही एकट्यानेच सगळी बोलून टाकलीत. मला जागाच ठेवली नाहीत.”
नापास. पुन्हा पुढच्या महिन्यात. जहाज दुसऱ्या स्वयंपाक्याला घेऊन जाणार.

८ मार्च
बायकोला फोन. मास्क खराब होता असं सांगायचं ठरवलं होतं. तिने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “घाबरलो.”
इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे पहिल्यांदाच ऐकलं. मग हळूच म्हणाली, शेजारी कुणी डॉक्टर असतील तर त्यांना फोन द्या.