गारगोटी वाकवण्याचा प्रयोग

३ नोव्हेंबर १९९७
दिवाळीची सुट्टी. कॉलेज रिकामं. आजपासून प्रयोग पुन्हा सुरू. माझे सहकारी शिवशरण सर वारले, त्याला दीड वर्ष झालं. भट्टी आणि दाबयंत्र ते निम्मं बांधून गेले; विज्ञान कोणासाठी थांबत नाही. कल्पना तशी दोघांचीच. चहाच्या वेळी ते बोलायचे, मी मान हलवायचो.
उद्दिष्ट: बेळगावकडचा क्वार्टझाईट, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा कडक दगड, तापवून आणि दाबून वाकवणे. थंड गूळ फुटतो, गरम गूळ ओघळतो, तसंच. जमिनीखाली याला लाखो वर्षं लागतात. मी नाताळपर्यंत उरकतो.
संकल्प: रोज सकाळी आठला प्रयोगशाळेत.

४ नोव्हेंबर
साडेअकराला पोचलो.

७ नोव्हेंबर
शिवशरण सरांची विद्याश्री आली होती. धारवाडला एम.एस्सी. करते, आमच्याच विषयात, भूशास्त्रात. म्हणाली, "काका, बाबांची प्रयोगाची वही तुमच्याकडं राहिली का?" रंगकामात हरवली असं सांगितलं. याला खोटं म्हणता येणार नाही. रंगकाम झालंच होतं. वही माझ्या खणात आहे, खणाला कुलूप आहे, म्हणजे सुरक्षित आहे.
ती गेल्यावर मागं कोणीतरी खाकरलं. वळलो. कोणी नाही. माझी चूक दाखवण्याआधी शिवशरण सर अस्सेच खाकरायचे. दाबयंत्राच्या पाईपमधलं तेल असणार.

१२ नोव्हेंबर, दुपारी ३
भट्टी आठशे अंशांवर. उद्यमनगरातला कृष्णात मेस्त्री जॅक बसवायला आला होता. त्याला म्हटलं, तेल आवाज करतंय, बघ जरा. त्यानं कान लावला. तेवढ्यात आवाज आलाच. कृष्णात म्हणाला, "तेल असं खाकरत न्हाय, सर. माणूस हाय ह्यो." पान्हे गोळा केले आणि चहा न घेता गेला. अंधश्रद्धा, दुसरं काय.
मी घाबरलेलो नाही. फक्त आता खुर्ची भिंतीला टेकवून बसतो.

१९ नोव्हेंबर
वहीची पहिली सात पानं प्राथमिक तयारीची. सोडली. आठव्यापासून थेट कृती आहे. अक्षर सुरेख. एकच त्रास: वाचता वाचता पानं उलटतात. पुढं नव्हे, मागं. पहिल्या पानापर्यंत. खिडकी मी स्वतः लावली होती. वहीवर दोन किलोचं वजन ठेवून वाचलं. निम्मं वजनाखाली गेलं, पण सारांश कळला.

२८ नोव्हेंबर
नमुना बाहेर काढला. अंगठ्याएवढा तुकडा, यंत्राच्या मापानं दीड मिलिमीटर आखूड! कृष्णातला फोन केला. तो म्हणाला, "यंत्राचा दांडाच दबला आसंल, सर. मोजा की." मोजला नाही. स्वतःच्या यंत्रावर असा संशय घेऊ नये.

६ डिसेंबर
यश! तुकड्याची पातळ काप घासून स्लाइड केली, सूक्ष्मदर्शकाखाली फिरवली. न दबलेला कण फिरवताना एकदम काळा होतो. दाब सोसलेल्या कणावरून काळी सावली लाटेसारखी सरकत जाते. इथं कणाकणावर लाटा! तासभर बघत बसलो. बघता बघता वाटलं, आपल्या खांद्यावरून आणखी कोणी बघतंय. मानेवर गार श्वास लागला. मी थोडा बाजूला सरकलो. त्यांनाही दिसायला हवं.

८ डिसेंबर
निबंधाचा सारांश भूशास्त्र परिषदेला पाठवला. नाव एकच, माझं. शेवटी शिवशरण सरांचे आभार होते, पण शब्दमर्यादा अडीचशेची. आभार बरोबर चार शब्दांचे होते, ते काढले. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकताना भर दुपारी, भर रस्त्यात खाकरणं. पेटीत तेल नसतं, हे मान्य.

१४ डिसेंबर
बायको, प्रमोदिनी, म्हणते, जेवताना मी रिकाम्या पाटाकडं बघून "थांबा हो, सांगतो तिला" म्हणालो. कोणाला, काय सांगणार, असं विचारलं. म्हटलं, विद्यार्थिनीला, मार्क. रात्रीच्या जेवणाला तिनं त्या पाटासमोर ताट वाढलं. मी खाली मान घालून जेवलो. त्या ताटातला भात कमी झाल्यासारखा वाटला. तिलाही वाटला.

२७ डिसेंबर
विद्याश्री सुट्टीला आलीय. मोठ्या मनानं तिला बोलावून स्लाइड दाखवली. तिनं बराच वेळ पाहिलं. विचारलं, "काका, मूळ दगडाची स्लाइड कुठाय? न दाबलेल्या?" म्हटलं, गरज पडली नाही. ती सरळ सरांच्या कपाटाकडं गेली, एक डबी काढली, त्यातली स्लाइड लावली आणि बाजूला झाली.
त्याच लाटा. तशाच.
म्हणाली, "हा दगड तुम्ही वाकवला न्हाई, काका. डोंगरातच कोट्यवधी वर्षांपूर्वी वाकलाय. बाबांनी पहिल्या पानावरच लिहिलंय, हा दगड चालणार नाही, दुसरा शोधणे."
वही तर हरवली होती, मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.
"झेरॉक्स घरी हाय की. मला फक्त त्यांचं हातचं अक्षर पाहिजे होतं."
खण उघडला. वही दिली. ती रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पाच-सहा उत्तरं तयार होती. तिनं वही ओढणीच्या टोकानं पुसली आणि विचारलं, थोडा वेळ इथं एकटीनं बसू का. मी बाहेर आलो. तिनं आतून कडी लावली. सारांश मागं घेतो अशी परिषदेला तार करायची म्हणून निघालो.
फाटकापर्यंत गेल्यावर आठवलं, चष्मा आत राहिला. परत जिना चढलो. दार वाजवलं.
आतून तिनं विचारलं, "कोण?"
कालपर्यंत ‘काका’ म्हणून सांगितलं असतं; आज कोण म्हणून सांगावं, सुचेना.