लुसियाँसाहेबांच्या भुताला वाढता येईना

तीर्थस्वरूप सुवर्णामामींस एडिसनहून गुरुदत्तचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, मामांची तब्येत आणि गडहिंग्लजची हवा सगळं ठीक असेल असं धरून चालतो. मी मजेत आहे. फोन न करता पत्र लिहितोय (फोटो काढून पाठवीन), कारण फोनवर "जेवलास का, काय जेवलास, एवढंच का" यातच माझी सुट्टी संपते आणि मुद्द्याचं राहून जातं.

आधीच सांगून टाकतो, केटरिंगची नोकरी सोडली. रागावू नका, या वर्षातली ही दुसरीच. पार्सिपनीला एका सिनेमाची तयारी चालली होती, तिथं जेवणाची व्हॅन घेऊन गेलो तो तिथलाच झालो. आता मी लुसियाँ पेरोदों नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाची गाडी चालवतो. त्यांचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं एकमेकांचं नीट कळतं. म्हातारा भुताखेतांचे सिनेमे काढतो, लिहितोही स्वतःच. सव्विसाव्या वर्षी पहिला काढला, एका न्हाव्यावर. म्हणे त्यांच्या गावात पुरुषांनी महिनाभर दाढ्या वाढवल्या. दुसरा लिफ्टवर, तर लोक जिने चढायला लागले (यात मला लोकांच्या तब्येतीचा फायदाच दिसतो). मग अमेरिकेनं बोलावलं, आणि इथं काय बिनसलं कोण जाणे, सिनेमागणिक रक्त वाढत गेलं आणि भीती कमी होत गेली. मागच्या सिनेमात भूत कपाटातून बाहेर आलं आणि थिएटरभर हशा पिकला. साहेब शेवटच्या रांगेत बसले होते. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं तेव्हा मी आरशात बघायचं टाळलं. आता निर्मात्यांनी एक शेवटचा सिनेमा दिलाय. तो पडला की साहेब कायमचे घरी.

आणि गोष्टच सुचेना. तेवढ्यात होळी आली. इथं शैलाकाकू म्हणून आहेत (मूळच्या नागपूरच्या, रिटायर्ड डॉक्टर), त्यांच्याकडे मी साहेबांना जेवायला नेलं, की जरा करमेल. तीन पुरणपोळ्या झाल्यावर साहेबांनी ताटावर आडवा हात धरला. आता आडवा हात आला म्हणजे आपल्याकडे जेवणाला रंग चढला. काकूंनी चौथी बोटांखालून सरकवली. पाचवीला साहेबांनी दोन्ही हात धरले, तर तुपाची धार मनगटावरून. सहावीला ते उठायलाच लागले, तेव्हा काकूंनी हसत हसत खांदा दाबून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "लाजताय काय, आपलंच घर समजा." मी भाषांतर केलं मात्र, साहेब पांढरे पडले. (गोरा माणूस आणखी पांढरा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.) परतताना गाडीत मनगटावरचं तूप पुसत बसले. मग म्हणाले, मी आयुष्यभर सुऱ्या वापरल्या, करवती वापरल्या, पण मारणारा इतक्या मायेनं हसत असेल हे मला कधी सुचलं नाही.

आठवड्यात पटकथा तयार! एक बाई, हातात पळी, आणि ती पाहुण्याला पानावरून उठू देत नाही. बस्स. निर्माते वाचूनच खूश. अडलं ते पुढं. भुताच्या कामाला रुही नावाची नटी घेतली, शुगर लँड नावाच्या गावची, मराठीच पण जन्म इथला. पोरगी गुणी, पण पाहुणा "नो, थँक यू" म्हणाला की ही "ओके" म्हणते आणि पळी परत पातेल्यात! मी समजावलं, अगं, तो नको म्हणतोय म्हणजे लाजतोय. तर म्हणाली, "दत्तू यार, ही सेड नो. पोट त्याचं आहे ना?" मग शैलाकाकूंना उभं केलं, तर कॅमेरा दिसताच त्या इतक्या सभ्य झाल्या की पाहुण्यालाच मागून घ्यावं लागलं. शनिवारपर्यंत हा प्रसंग जमला नाही तर सिनेमा बंद, साहेब फ्रान्सला आणि मी परत बटाटे सोलायला.

असो. तुम्ही काळजी करू नका, स्वेटर घालतो. घरातल्या थोरांच्या पाया पडतो, लहानांच्या पाठीत प्रेमाचा धपाटा.

तुमचाच, अजून एका जागी न टिकलेला,
गुरुदत्त

ता. क. : सहज आठवलं म्हणून. आपल्या पंचक्रोशीत तुमच्यासारखं कोणी वाढत नाही. मामांना वाढतानाचा एक व्हिडिओ पाठवाल का? मुद्दाम काही करू नका, रोजच्यासारखंच.

ता. क. दुसरा : सोबतच्या संमतीच्या कागदावर सही करावी. भूत तुमचं नाही हो! फक्त त्याची साडी, ठुशी, उभं राहायची पद्धत आणि "एवढ्यानं काय होतंय" हे बोलणं तुमचं घेतलंय.

ता. क. तिसरा : पत्र चार दिवस लिहितोय, तोवर खरं सांगायची वेळ आली. व्हिडिओ नको. मामांच्या कानावर मी हे सगळं आधीच घातलं होतं, त्यांनीच परवा दुपारी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून गुपचूप काढून पाठवला. तुम्ही पाचवी भाकरी वाढताय आणि मामा दोन्ही हात ताटावर धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. रुहीनं तो दोनदा पाहिला, पदर खोचला आणि एका दमात प्रसंग असा केला की कॅमेरावाल्यानं स्वतःचा डबा झाकून ठेवला. निर्मात्यांनी हात जोडले. साहेब रडले. सिनेमा वाचला! आता फक्त तुमची सही राहिलीय. मामांची मी मागायच्या आधीच आली. मी विचारलं, मामा, एवढी घाई कसली? तर हळूच म्हणाले, "अरे, बाहेर कुणाला तरी कळायला नको का?"